होबो टिडबिट एमएक्स 2203: ओढ्यात वर्षभर राहणाऱ्या तापमान-लॉगरचे परीक्षण

ऑनसेट कंपनीचा होबो टिडबिट एमएक्स 2203, म्हणजे पाण्याखाली राहून ठरावीक वेळाने तापमान आपोआप नोंदवणारा लॉगर, घ्यावा का? डोंगरी ओढ्याच्या कामासाठी घ्यावा. मात्र दोन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. पहिली, ब्लूटूथची जी सोय जाहिरातीत सगळ्यात आकर्षक दिसते ती डोंगराच्या निवळशंख पाण्यात दगा देऊ शकते. दुसरी, लॉगरवर जितका विचार कराल तितकाच तो ज्या नळकांड्यात बसवणार त्यावर करावा लागेल. तापमानाच्या बिघडलेल्या नोंदी तपासल्या, तर यंत्र क्वचितच दोषी निघते. बहुतेक वेळा ते चुकीच्या जागी, उन्हात किंवा वाळूखाली बसवलेले असते.

यंत्र साधे आहे. मुठीत मावेल एवढी बंद डबी, आत सेन्सर, स्मृती आणि सीआर2477 जातीचा नाण्यासारखा सेल. 0 अंश सेल्सिअसच्या वर अचूकता ±0.2 अंश, वाचन 0.01 अंशापर्यंत, पाण्यात 122 मीटर खोलीपर्यंत चालते. ओढ्यात एवढी खोली कोणाला लागत नाही, पण पुरातल्या दाबाची आणि आपटण्याची चिंता त्यामुळे कमी होते. स्मृतीत 96,000 नोंदी मावतात. दर अर्ध्या तासाला एक नोंद धरली तर दिवसाला 48, म्हणजे तब्बल 2,000 दिवस. स्मृती भरण्याच्या आधीच बहुधा सेल संपेल किंवा नळकांडे वाहून जाईल.

±0.2 अंशाचे एवढे कौतुक का, हे एका खऱ्या ओढ्यावरून लवकर कळते. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातली वायचस क्रीक कॅस्केड पर्वतातल्या थ्री सिस्टर्स शिखरांच्या परिसरात उगम पावते आणि सिस्टर्स गावावरून पुढे डेश्यूट्स नदीला मिळते. सिंचनासाठी पाणी वळवल्यामुळे हिचा मधला भाग कित्येक दशके उन्हाळ्यात कोरडा पडत असे. पुढे काही पाणी हक्काने ओढ्यातच राखले गेले, सरळ केलेले पात्र कॅम्प पोक कुरणात 2012 मध्ये पुन्हा वळणावळणाचे केले गेले आणि स्टीलहेड मासे पुन्हा सोडले गेले. अशा ओढ्यासाठी ऑरेगनचा नियम तापमानावर बांधलेला आहे: सलग सात दिवसांच्या कमाल तापमानांची सरासरी घ्यायची आणि ती मर्यादेशी ताडायची. बुल ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या विणीला आणि पिलांना 12 अंश, सॅमन-स्टीलहेडच्या विणीला 13, माशांच्या मुख्य थंड अधिवासाला 16, पिलांच्या वाढीला आणि स्थलांतराला 18 आणि जिथून मासे नुसते पुढे जातात अशा मोठ्या प्रवाहाला 20.

आता समजा, एका आठवड्याच्या कमाल नोंदी 17.2, 17.6, 18.1, 18.4, 18.5, 18.3 आणि 18.0 आल्या. सरासरी 18.01. ±0.2 अंशाच्या यंत्रानेही इथे "मर्यादेवर आहे" एवढेच म्हणता येते; ±0.5 अंशाच्या यंत्राने तर तेही धड म्हणता येत नाही. आणि ओढा सुधारला की नाही याचा फरक बहुधा एखाद-दीड अंशाचाच असतो. म्हणून त्याच कंपनीचा पेंडंट एमएक्स 2201 बराच स्वस्त असला तरी मुख्य नोंदीसाठी तो घेऊ नये. त्याची अचूकता ±0.5 अंश आहे. पेंडंट काठावर हवेचे तापमान नोंदवायला उत्तम, आणि त्याची तिथे गरज लागतेच, पुढे सांगतो. बटणाएवढे थर्मोक्रॉन आयबटन आणखी स्वस्त पडतात, पण ते मुळात पाण्यात बुडवून ठेवायला बनवलेले नाहीत. मेण, सिलिकॉन, फुगे अशा सगळ्या क्लृप्त्या करून लोक वापरतात, आणि हंगामाच्या शेवटी त्यातले काही मरतात.

खरी तुलना होबो वॉटर टेम्प प्रो व्ही2 शी, म्हणजे यू22-001 शी आहे. अचूकता ±0.21 अंश, जवळजवळ तेवढीच. लांबट आकार, 3 सेंटिमीटर व्यास आणि 11.4 सेंटिमीटर लांबी, त्यामुळे पाइपात छान बसतो. स्मृती कमी, सुमारे 42,000 नोंदी, तरी अर्ध्या तासाच्या हिशेबाने सव्वादोन वर्षे सहज. पण त्याचा सेल घरी बदलता येत नाही आणि माहिती काढायला प्रकाशकिरणांवर चालणारा बेस स्टेशन आणि लॅपटॉप किंवा शटल नावाचे नोंदी उतरवून घेणारे वेगळे छोटे यंत्र लागते. डोंगरात चार तास चालून गेल्यावर जोडणीचा तुकडा घरी राहिल्याचे लक्षात आले तर सगळी पायपीट वाया. शिवाय त्याच्या नोंदी वर्षाला 0.1 अंशापर्यंत सरकू शकतात. टिडबिट एमएक्सला ते प्रमाण 0.01 अंशाहून कमी दिले आहे. दहा वर्षे चालणाऱ्या कामात हा फरक मोठा. ज्यांच्याकडे यू22 आणि शटल आधीपासून आहेत त्यांनी ते टाकून देऊ नयेत, दोन्ही एकाच ओढ्यात सुखाने नांदतात. नव्याने घेणाऱ्याने मात्र टिडबिटच घ्यावा. जुना टिडबिट व्ही2 कुठे वापरलेला मिळाला तर मोह टाळा. तो पूर्ण सीलबंद असल्याने सेल संपला की यंत्र संपले.

आता त्या ब्लूटूथबद्दल. पाण्यातून ब्लूटूथ जात नाही, म्हणून लॉगर बाहेर काढूनच फोनवर माहिती घ्यावी लागते. सेल वाचवण्यासाठी कंपनीने पाणी ओळखण्याची सोय दिली आहे: डबीवरच्या दोन टोकांना पाणी लागले की ब्लूटूथ झोपते, बाहेर काढले की जागे होते. कल्पना सुरेख. अडचण अशी की ही ओळख पाण्यातल्या क्षारांवर चालते आणि भरवशाने ओळखायला विद्युतवाहकता निदान 100 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर लागते. बर्फ वितळून आलेल्या किंवा कठीण खडकावरून नुकत्याच उतरलेल्या पाण्यात ती अनेकदा याच्या खाली असते. अशा वेळी लॉगर पाण्यात बुडालेला असूनही स्वतःला कोरडा समजतो आणि वर्षभर ब्लूटूथने हाका मारत राहतो. नोंदी बिघडत नाहीत, सेल मात्र अपेक्षेपेक्षा लवकर उतरतो. म्हणून ओढ्याची वाहकता साध्या खिशातल्या मीटरने आधी बघा, तीही पावसाळ्यात किंवा बर्फ वितळताना, कारण उन्हाळ्यातला आकडा फसवा असतो. 100 च्या आसपास किंवा खाली असेल तर पाणी ओळखण्याचा पर्याय सोडून ब्लूटूथ पूर्ण बंद ठेवण्याचा पर्याय निवडा आणि त्या अवस्थेतून लॉगर जागा करण्याची रीत घरीच दोन-तीनदा करून पाहा. काठावर, बोटे गारठलेली असताना माहितीपुस्तिका उघडण्यात अर्थ नाही.

सेल स्वतः बदलता येतो हा या मॉडेलचा मोठा गुण, आणि तीच त्याची सगळ्यात नाजूक जागा. झाकणाखालच्या ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर, एक केस, वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत शिरते. सेल ओढ्याकाठी बदलू नये. घरी, स्वच्छ टेबलावर, ओ-रिंग बोटाने चाचपून, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात देऊन बदलावा. व्हॅसलीन किंवा गाडीचे ग्रीस चालणार नाही, त्याने रबर फुगू शकते. झाकण बसवल्यावर रात्रभर बादलीत बुडवून ठेवा आणि सकाळी मगच पिशवीत घाला.

बादली काढलीच आहे तर तिच्यातच चाचणी उरकावी. सगळे लॉगर एक मिनिटाच्या अंतराने नोंद घेतील असे लावून एकाच पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी प्रत्येकाची सरासरी सगळ्यांच्या सरासरीशी ताडा आणि फरक लॉगरच्या क्रमांकासमोर लिहून ठेवा. ओढ्याच्या पुनरुज्जीवित पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला लावायची जोडी एकमेकांच्या सर्वांत जवळ असलेल्या दोघांची करा. दोन्ही लॉगर आपापल्या हद्दीत राहूनही विरुद्ध दिशांना चुकले तर फरकात 0.4 अंशाची चूक शिरते, आणि पुनरुज्जीवनाने पाणी अर्धा अंश गार झाले असा निष्कर्ष त्यावर उभा राहू शकतो. मग 0 अंशाची चाचणी: डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ बारीक कुटून आइसबॉक्समध्ये गच्च भरायचा आणि पोकळ्या भरतील एवढेच पाणी घालायचे. पाणी जास्त झाले की बर्फ वर तरंगतो आणि तळाशी 4 अंशाचे जड पाणी साचते. मग लॉगर बिचारा बरोबर असूनही चुकीचा ठरतो. अधूनमधून ढवळत निदान अर्धा तास ठेवा. ही चाचणी बसवण्याआधी एकदा आणि काढल्यावर एकदा, दोन्ही वेळा.

नळकांड्यासाठी प्लंबरच्या दुकानातला पांढरा पीव्हीसी पाइप पुरतो. लॉगर भिंतींना न टेकता मावेल असा व्यास, साधारण 15 सेंटिमीटर लांबी, दोन्ही बाजूंना एंड कॅप आणि सगळीकडून 10 मिलिमीटरची भोके. भोके कमी पाडली तर आत पाणी साचून राहते, जास्त पाडली तर ऊन आत येते. डझनभर भोके, तीही मुख्यतः बाजूंना आणि खाली, हा मधला मार्ग. लॉगर आत केबल टायने लटकवायचा, कारण पाइप तापला तर त्याला टेकलेला सेन्सर पाण्याऐवजी पाइपाचे तापमान सांगतो. उथळ, स्वच्छ, संथ पाण्यात उघडा लॉगर उन्हात थेट तापतो, आणि ही चूक नेमकी दुपारी, म्हणजे ज्या कमाल नोंदींवर सगळा नियम बांधलेला आहे त्याच वेळी होते. काळा पाइप हातात आला तरी वापरू नका. माणसांच्या नजरेतून लपवायचा असेल तर पांढऱ्या पाइपावर गोटे रचा.

बसवायची जागा शोधायला हातातला चांगला थर्मामीटर घेऊन पाण्यात उतरावे लागते. काठापासून काठापर्यंत पाच-सहा ठिकाणी वाचन घ्या, फरक 0.2 अंशाच्या आत असेल तर पाणी नीट मिसळलेले आहे. अशी जागा बहुधा खळाळाच्या खालच्या टोकाला, मुख्य धारेत सापडते. उपनदी मिळते तिथून लगेच खाली लॉगर लावू नये, दोन्ही पाणी बरेच अंतर हातात हात न घालता वाहते. झऱ्याच्या तोंडाशीही नको. ओढा वर्षातला सर्वांत बारीक असताना तिथे किती पाणी उरते ते त्याच मोसमात जाऊन बघा. लॉगर उघडा पडला तर दोन महिने हवेचे तापमान हाती येते.

पकडून ठेवण्याच्या दोन पद्धती चालतात. खडी-वाळूच्या तळात 12 मिलिमीटरची सळई निदान पाऊण मीटर ठोकून, तिला 3 मिलिमीटरच्या वायर रोपने नळकांडे बांधायचे. गाठीऐवजी क्लॅम्प घट्ट आवळायचा, कारण गाठ पाण्यात हलून हलून सुटते. दुसरी पद्धत अमेरिकेच्या वनखात्याच्या रॉकी माउंटन संशोधन केंद्राने रूढ केली: मोठ्या, न हलणाऱ्या शिळेच्या प्रवाहामागच्या बाजूला नळकांडे पाण्याखालीच इपॉक्सीने चिकटवणे. त्यासाठी बंदरांच्या खांबांवर वापरतात तो दोन भागांचा इपॉक्सी लागतो, एफएक्स-764 सारखा. दोन्ही भाग समप्रमाणात, ओल्या रबरी हातमोज्यांनी रंग एकसारखा होईपर्यंत मळायचे, शिळा वायर ब्रशने शेवाळ निघेपर्यंत घासायची, गोळा दाबायचा आणि नळकांड्याला गोट्यांचा टेकू द्यायचा. थंड पाण्यात तो घट्ट व्हायला फार वेळ घेतो, म्हणून हे काम पाणी कमी आणि त्यातल्या त्यात कोमट असते तेव्हाच करा. बसवलेले नळकांडे पुरात टिकण्याचे प्रमाण सळईपेक्षा या पद्धतीत चांगले. उतार तीव्र आणि शिळा मोठ्या असतील तर दुसरा विचारच नको.

पुनरुज्जीवित ओढ्यात मात्र एक गुंता वाढतो, आणि विकत घेताना लॉगर किती लागतील हे त्यावर ठरते. काम यशस्वी झाले याची खूण म्हणजे पात्र हलते. लाकडाचे ओंडके अडकतात, खडीचे नवे ढीग पडतात, काल मुख्य असलेली धार आज बाजूची होते. कॅम्प पोकसारख्या कुरणात एका लॉगरवर विसंबलात, तर वर्षभरात तो गाळाखाली जाऊ शकतो आणि आकडे बघून ओढा गार झाला असे वाटते. म्हणून कामाच्या वरच्या टोकाला एक, खालच्या टोकाला एक, आणि मधे निदान चार: मुख्य धार, बाजूची धार, सर्वांत खोल डोहाचा तळ आणि त्याच डोहाचा पृष्ठभाग. काम सुरू होण्याआधीची निदान एका उन्हाळ्याची नोंद हवी आणि न छेडलेल्या शेजारच्या ओढ्यात एक लॉगर हवा; नाहीतर गार उन्हाळा आला की श्रेय कामाला मिळते. शिवाय नवे पात्र सुरुवातीला तापूही शकते. लावलेल्या विलो झाडाच्या काड्या सावली द्यायला काही वर्षे घेतात आणि पसरलेल्या उथळ पाण्यावर तोवर ऊन पडत राहते. पहिल्या दोन वर्षांच्या आकड्यांवरून काम फसले म्हणणारे या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात.

मासे सरासरी तापमानात राहत नाहीत, ते गार कोपऱ्यात राहतात. वायचस क्रीकच्या खालच्या भागात आल्डर स्प्रिंग्जचे थंड झरे मिळतात आणि तिथून खाली पाणी एकदम वेगळे होते. थंडीसाठी हट्टी असलेला बुल ट्राउट तिथल्याच टप्प्यात सापडतो. तापलेल्या ओढ्यातही असे खिसे असू शकतात. ते शोधायला लॉगर नको, दुपारी तीन-चारच्या सुमारास लांब काठीला बांधलेला थर्मामीटर घेऊन तळाजवळून चालत जा. दोन अंशांचा फरक सापडला की तिथे लॉगर लावा. बरोबर एक टेप आणि मोजपट्टी असली तर डोहाची उरलेली खोलीही काढता येते: डोहाची कमाल खोली वजा त्याच्या खालच्या खळाळाच्या माथ्यावरची खोली. ओढ्यात पाणी किती आहे यावर हा आकडा अवलंबून नसतो, म्हणून वेगवेगळ्या वर्षांची तुलना करता येते. तळाच्या खडीसाठी शंभर दगड, पावलागणिक बोटाला लागेल तो पहिला, मधल्या अक्षावर, म्हणजे ना सर्वांत लांब ना सर्वांत आखूड बाजूवर, मोजायचे. शंभरात आकाराने मधला ठरणारा दगड वर्षागणिक लहान होत चालला तर गाळ येतो आहे आणि माशांची अंडी गुदमरणार. प्राणवायूचा मीटर परवडला तर उत्तम, नाहीतर एवढे लक्षात ठेवा की समुद्रसपाटीला 10 अंशाच्या पाण्यात 11.3 मिलिग्रॅम प्रति लिटर विरघळू शकतो आणि 20 अंशाला 9.1, उंचीवर त्याहून कमी.

नोंदीचे अंतर किती ठेवावे यावर विनाकारण वाद होतात. दिवसभरात पाणी 6 अंश वर-खाली होत असेल, तर तासाला एक नोंद घेऊनही कमाल तापमान जास्तीत जास्त 0.03 अंशाने हुकते. चार तासांचे अंतर ठेवले तर 0.4 अंशाने. अर्धा तास पुरेसा. घड्याळ मात्र सांभाळा. लॉगर फोनची वेळ घेतो, आणि उन्हाळ्यात घड्याळ पुढे नेणाऱ्या देशात दोन फोनांनी काढलेल्या फाइलींमध्ये एक तासाची फट पडते. सगळे प्रमाणवेळेत लिहा. ॲप बाकी ठीक आहे. स्प्रेडशीटमध्ये उघडणारी सीएसव्ही फाइल निघते, आलेख दिसतो, संपले.

आकडे घरी आल्यावर पाण्याच्या रेषेवर हवेची रेषा ठेवा. काठावरचा पेंडंट यासाठीच. पाण्याचा दैनिक चढउतार अचानक हवेएवढा झाला तर लॉगर उघडा पडला. उलट तो सपाट होऊन कमाल काही तास उशिरा येऊ लागली, तर लॉगर खडीखाली गेला. हिवाळ्यात दिवसेंदिवस 0 च्या जवळ सरळ रेष दिसली तर तो बर्फात गोठला असू शकतो. असे दिवस पुसून टाकू नका, खूण करून बाजूला ठेवा. खडीखालच्या नोंदी अंड्यांच्या अभ्यासाला कामाच्या असतात.

सह्याद्रीत हा लॉगर वापरायचा तर हिशेब थोडा फिरतो. इथल्या ओढ्यात ट्राउट नाही, महसीर आहे, आणि महत्त्वाचा काळ एप्रिल-मे, जेव्हा धार तुटून नुसते डोह उरतात. महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीसारख्या देवाच्या म्हणून राखलेल्या डोहात मासे नेमके याच दिवसांत टिकतात. तिथे एका दोरावर दोन लॉगर, एक तळापासून वीतभर वर आणि एक पृष्ठभागाखाली वीतभर, एवढी मांडणी पुरते. सळई चोरीला जाते, तेव्हा ती वापरूच नये. जाड दोर आणि तळाला दगड भरलेले पोते बरे. देवस्थान असेल तर आधी गावात विचारून, पुजाऱ्याला दाखवून मगच पाण्यात सोडा. आणि मृगाच्या आत सगळे बाहेर काढा, कारण पहिल्या मोठ्या लोंढ्यात दोर, पोते आणि दोन्ही लॉगर खाडीला लागतात.